नानखटाईचा डबा

व्यापाऱ्याच्या घरात प्रत्येक गोष्टीचा हिशेब असतो. रोजमेळ असतो, खतावणी असते, उधारीची यादी असते आणि दिवाळीला वहीपूजनही असते. मात्र ज्या लहानसहान गोष्टींमुळे संसाराचा दिवस गोड होतो, त्यांची नोंद करण्यासाठी आजवर कोणी वही घातल्याचे मी पाहिले नाही. तव्यावरून उतरलेला पहिला फुलका, दुपारच्या सामायिकानंतरची शांतता, लेकीच्या गावाला जाणाऱ्या बसमधली खिडकीजवळची जागा आणि मांडीवर धरलेला नानखटाईचा गरम डबा, ही माझी श्रीमंती. सत्तरीच्या उंबरठ्यावर उभी असताना तिच्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

1976 साली लग्न होऊन मी नगरला आले. त्या वेळी आमच्या घरी भट्टी नव्हती, ओव्हन हा शब्दही नव्हता. गावातील बहुतेक घरांतून सुटीच्या दिवसांत मैदा, तूप आणि पिठीसाखर बेकरीत नेऊन देत, आणि पोरे तिथेच पायरीवर बसून आपापल्या नावाच्या पत्र्यांवर नजर ठेवीत. आमच्या सासूबाईंना, ज्यांना सारे बाईजी म्हणत, ते मान्य नव्हते. ज्या पत्र्यावर सकाळी अंड्याचा केक भाजला, त्यावर आपली नानखटाई भाजायची नाही, हा त्यांचा नियम. म्हणून त्यांनी घरीच युक्ती केली होती. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात चाळलेली वाळू पसरायची, ते शेगडीवर तापवायचे, वाळूवर तिवई ठेवून त्यावर ताटली मांडायची, वर झाकण घालायचे आणि झाकणावर चार निखारे. निखारे किती आणि किती वेळ, हे त्या हाताच्या तळव्याने ओळखत. पुढे काचेची खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला आणि वाळूचे पातेले माळ्यावर गेले. ते अजून तिथेच आहे. मोडीत द्यायला मन होत नाही.

नानखटाईचे प्रमाण बाईजींनी मला तोंडी दिले आणि मी ते आजवर बदललेले नाही. एक वाटी घट्ट तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, चिमूटभर सोडा आणि वेलदोड्याची पूड. तूप आणि साखर परातीत तळहाताने इतके फेसायचे की ते लोण्यासारखे पांढरे आणि हलके झाले पाहिजे. खरे काम इथेच आहे. पुढचे सगळे सोपे. हल्ली मी 170 अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे भाजते. ओव्हनमधून काढल्यावर नानखटाई मऊ असते, हात लावला की मोडते. निवल्यावरच तिला खुसखुशीतपणा येतो. लहान मुलांना आयुष्यात पहिल्यांदा धीर धरायला शिकवायचा असेल, तर त्यांना ताज्या नानखटाईसमोर दहा मिनिटे बसवावे.

अनेकजणी या पिठात चमचाभर दही घालतात. आमच्याकडे ते चालत नाही, कारण बेसन आले की कच्चे दही वर्ज्य; द्विदलाचा दोष लागतो. केकमध्ये मात्र दह्याचाच आधार असतो. अंडे केकला दोन गोष्टी देते, बांधून ठेवते आणि हवा धरून फुगवते. आपण ते काम दही आणि सोड्यावर सोपवतो. दह्यातील आंबटपणा सोड्याला मिळाला की बुडबुडे उठतात, आणि ते विरण्याआधीच भांडे ओव्हनमध्ये गेले पाहिजे. पीठ कालवून ठेवून दाराशी कोण आले म्हणून गप्पा मारीत बसलात, तर केक बसलाच म्हणून समजा! दही दोन रात्री उलटलेले नको. गाजराचा केक आपल्याला वर्ज्य. त्याची उणीव मी दुधी भोपळ्याने भरून काढते, आणि खाणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. पुष्कळांना वाटते की आपल्या नियमांनी स्वयंपाक अडतो. माझा अनुभव वेगळा आहे. जिथे वाट बंद असते तिथे हात अधिक विचार करतात.

बाजारातल्या जिनसांचे तसे नाही. पाकिटावर हिरवा ठिपका छापून येऊ लागल्यापासून मोठी सोय झाली, पण तेवढ्यावर बाईजींचे समाधान झाले नसते. मी अजूनही चष्मा लावून पाकिटामागची बारीक अक्षरे वाचते आणि दुकानातला मुलगा ताटकळत उभा राहतो. घरी केलेल्या वस्तूला हा त्रास नाही. तिच्यात काय आहे ते करणाऱ्या हाताला ठाऊक असते.

आमच्या घरात पक्वान्नाचा काळ पाळतात. पावसाळ्यात पंधरा दिवस, उन्हाळ्यात वीस आणि हिवाळ्यात तीस. पाकिटावर तारीख छापण्याची पद्धत येण्यापूर्वी किती आधीपासून आपल्या घरातल्या बायका ही तारीख डोक्यात ठेवून होत्या, याचा मला अभिमान वाटतो. या काळामुळे माझे पुण्याला जाणेही ठरते. लेक पुण्यात मार्केटयार्डाच्या बाजूला राहते. तिच्या घरचा डबा संपायच्या किंवा काळ भरायच्या आत दुसरा पोचला पाहिजे, असा माझा नेम. कुरिअरने पाठवता येतो, हे मला सांगण्याची गरज नाही. एकदा पाठवला होता. नानखटाई पोचली, पण चुरा होऊन, आणि डबा उघडताना नातवंडांचे चेहरे कसे झाले ते मला दिसले नाही. ज्या आनंदासाठी खटाटोप करायचा तोच वाटेत गळून पडला, तर उरते ती केवळ हमाली.

म्हणून आम्ही दोघे एस.टी.ने जातो. मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, आणि आमच्या यांना पंचाहत्तरी उलटल्यामुळे तिकीटच नाही. म्हणजे दोघांच्या प्रवासाला एकाचे अर्धे तिकीट. जन्मभर आडत बाजारात काढलेल्या माणसाला हा सौदा किती सुखावतो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. सुपे, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर अशी गावे मागे पडतात आणि वाघोलीला गाडी रखडते. तिथे कधी अर्धा तास जातो, कधी पाऊण. हे त्या वेळात बाजारभावाची उजळणी करतात, मी माळ ओढते.

आता जे सांगायचे आहे ते थोडे अवघड आहे. आमच्या समाजात मुलीच्या घरचे अन्नपाणी आईवडिलांनी घ्यायचे नाही, अशी रीत होती, आणि पुष्कळ घरांत आजही आहे. माझे वडील मला भेटायला नगरला येत तेव्हा ओट्यावर बसत, मला डोळे भरून पाहत आणि उन्हात तसेच निघून जात. मी आतून पाण्याचा तांब्या घेऊन येई, आणि तो मला तसाच परत न्यावा लागे. रीतीमागे विचार होता, हे मी नाकारत नाही. मुलीला दिले ते दिले, तिच्या घरावर आपला भार पडू नये, सासरच्यांनी तिला कधी टोचून बोलू नये, असा तो विचार. पण भरलेला तांब्या परत नेणाऱ्या मुलीला काय वाटत असेल, याचा विचार त्या रीतीत कुठेही नव्हता. मला ती रीत कठोर वाटते, आणि हे लिहिताना माझा हात अडखळत नाही.

माझ्यापुरती ती 2021 साली सुटली. धाकट्या नातीचा जन्म त्या वर्षीच्या उन्हाळ्यातला. कोरोनामुळे लेकीला माहेरी आणता आले नाही, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता. तो काढून मी पुण्याला गेले आणि चाळीस दिवस राहिले. पहिल्या दिवशी विहीणबाईंनी माझ्यासमोर ताट ठेवले, म्हणाल्या, “आता रीत सांभाळायची की बाळंतीण?” मी जेवले. हे नगरला एकटे. धान्याच्या गाड्या तेवढ्या चालू होत्या. पुण्याला निघालेल्या एका ट्रकच्या ड्रायव्हरजवळ यांनी तुपाचा डबा आणि बाजरीचे पीठ दिले होते. डब्याच्या झाकणाला पांढऱ्या दोऱ्याने जी गाठ मारली होती, ती दुकानात पोत्याला मारतात तशी.

पण यांनी स्वतः नियम सोडला नाही. लेकीच्या लग्नाला पंधरा वर्षे झाली. पुण्याला गेले की आधी स्थानकात दर्शन, मग तिच्या घरी दोन तास, तेही स्वतःची पाण्याची बाटली जवळ घेऊन. जेवण सकाळीच घरून करून निघायचे. जावईबापूंनी आग्रह करून पाहिला, विहीणबाईंनी रुसून पाहिले. लेक एकदाच बोलली होती, “बाबूजी, माझ्या घरचे पाणी खारट आहे का?” हे हसले आणि नातवाच्या हातावर नोट ठेवून उठले. परतीच्या गाडीत शिरूरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. नातू आठ वर्षांचा आहे, आणि मी गेले की ओव्हनचे बटण फिरवण्याचा मान त्याचा. त्या दिवशी त्याने हट्ट धरला की सगळे तोच करणार. मी फक्त जवळ बसले. तूप फेसताना त्याचे हात दुखले, चार वर्षांच्या बहिणीने मधेच साखर खाल्ली, गोळे लहानमोठे झाले. एकावर वेलदोडा नव्हता, एकावर तीन होते. थंडीच्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून चारलाच ताटली ओव्हनमध्ये गेली. निवेपर्यंत दोघे भावंडे समोर मांडी घालून बसली.

मग त्याने बशी नेऊन नानाजींसमोर धरली. यांनी नेहमीप्रमाणे त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “तू खा, राजा.” नातू जागचा हलला नाही. त्याला कोणी शिकवले नव्हते, एवढे मी खात्रीने सांगते. तो म्हणाला, “नानाजी, मैदा-बेसन तुमच्या दुकानातून आले. तूप नानीचे. मग ही तुमच्याच घरची झाली ना?”

खोलीत कोणी काही बोलेना. यांनी चष्मा वर केला, आणि गादीवर बसून समोरच्या आडत्याला विचारावे तशा स्वरात विचारले, “आणि साखर कोणाची?”

“साखर आमची.”

“किती लागली?”

“एक वाटी.”

यांनी डोळे मिटून हिशेब केला. वाटीभर म्हणजे दीडशे ग्रॅम धरा, आजचा भाव अमुक, म्हणजे सात रुपयांच्या आत. खिशातून दहाची नोट काढून त्याला दिली, “विजेचे धरून,” म्हणाले, आणि बशीतली सर्वांत वाकडी, तीन वेलदोड्यांची नानखटाई उचलली. सावकाश खाल्ली. खाताना तळहात खाली धरला होता, चुरा सांडू नये म्हणून, आणि शेवटी तो चुराही तोंडात टाकला.

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पाण्याचा पेला आणून समोर ठेवला. काही बोलली नाही. यांनी क्षणभर आपल्या बाटलीकडे पाहिले, मग पेला उचलला आणि पाणी प्यायले. रिकामा पेला परत घेऊन लेक आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. विहीणबाई माझ्याकडे पाहत होत्या, मी ताटलीकडे.

पाण्याचे पैसे कोणी मागितले नाहीत.

नातवाने त्यानंतर एक छोटी वही केली आहे. तिच्या पहिल्या पानावर “नानाजी – जमा 10” असे लिहिलेले मी स्वतः पाहिले. तिच्यात साखर एक वाटी नावे टाकली आहे, पण भाव लिहायचा राहिला आहे, म्हणून खाते अजून उघडेच आहे. मागल्या खेपेला हे त्याला भाव सांगायला गेले, तर तो म्हणाला, बाकीच्या पैशांची पुढच्या वेळी साखर घेऊ. यांना ते पटले. आता निघायच्या आदल्या दिवशी हे दुकानातून लवकर घरी येतात, मी तूप फेसायला बसले की परात घट्ट धरतात, आणि डबा मोठा घे म्हणून सांगतात. पाण्याची बाटली अजून बरोबर असते, पण ती वाघोलीतच संपते.