भरल्या कोर्टात, मोठ्यानं!

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्गचं जुनं कोर्ट पाहिलं आणि थबकलोच. लालभडक विटा, वर घुमटी, आणि दारावरचा भलाथोरला त्रिकोणी माथा एकाही खांबाविना पुढे आलेला! आमच्या हसनाबादेत असा छज्जा काढला असता, तर गावानं गवंड्याला खाली टेकू लावायलाच लावलं असतं.

पण खरा अचंबा आत. व्हर्जिनियातल्या निवडणुका अशाच कोर्टांत व्हायच्या, तेही उघड! टेबलाशी शेरीफ, शेजारी उमेदवार. शेतकरी पुढे येतो, भरल्या गर्दीत ठणकावून आपल्या माणसाचं नाव घेतो. कारकून वहीत टिपतो. उमेदवार तिथल्या तिथे आभार मानतो. चला, पुढचा! 1758 साली खुद्द वॉशिंग्टन उभे होते, तेव्हा मतदारांना रम, पंच, बिअर पाजली गेली. आपल्याकडच्या प्रचारातल्या रात्रीच्या पंगती आठवून मला हसूच फुटलं.

अशीच एक पोटनिवडणूकही झाली. 1 जून 1790 रोजी व्हर्जिनियाचे खासदार थिओडोरिक ब्लँड न्यूयॉर्कमध्ये वारले. अमेरिकी प्रतिनिधिगृहातला पदावर असताना गेलेला हा पहिला सदस्य. तिथे रिकाम्या जागेवर कुणाची नेमणूक करता येत नाही. राज्यघटनेनं पोटनिवडणूकच सांगितलेली. निवडून आले विल्यम ब्रांच जाइल्स. 7 डिसेंबरला ते जागेवर बसले, पण कुठे? फिलाडेल्फियात! मधल्या काळात राजधानीच हलली होती. पोटनिवडणुकीला सहा महिन्यांची मुदत आपल्या कायद्यात 1996 साली आली. व्हर्जिनियावाल्यांनी घोड्यांच्या जमान्यात जवळपास तेवढ्यातच उरकलं!

मग विचारलं, मताचा हक्क कुणाला होता? गोऱ्या पुरुषाला, तेही घरासकट पंचवीस एकर किंवा मोकळी पन्नास एकर जमीन असेल तर. भोकरदन तालुक्यात पंचवीस एकरवाला म्हणजे बडा बागायतदार! तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या गुलामांना मत नाही, बायकांना नाही. आणि ज्याला होतं, त्यानं सावकारासमोर उभं राहून सावकाराच्या विरोधातलं नाव घ्यायचं! तिथे ही आवाजी रीत 1860च्या दशकापर्यंत टिकली.

आमच्या मराठवाड्यात 1948 पर्यंत निजाम. सगळ्या प्रौढांना मत मिळालं ते 1952च्या निवडणुकीत. इतक्या उशिरा, पण मिळालं ते कापूस वेचणाऱ्या बाईलाही. बोटाला शाई लावून ती बाहेर येते, आणि मत कुणाला दिलं हे ना मालकाला कळतं, ना नवऱ्याला. व्हर्जिनियातल्या त्या ठणठणीत आवाजापेक्षा मला तिची ही मूठ झाकलेलीच बरी वाटली.