देव मोकळा झाला, गुडघे अडले

बायकांच्या आयुष्यात एक दिवस असा येतो की, त्यानंतर सणवार जवळ आला म्हणजे बोटांवर दिवस मोजण्याचे कारण उरत नाही. "सुटले बाई एकदाची!" एवढेच त्या एकमेकींच्या कानात सांगतात. बाहेर बसणे संपले, लोणच्याच्या बरणीला हात लागेल ही धास्ती संपली, गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलण्याची कसरत संपली. देव मोकळा झाला! मलाही तसेच वाटले, आणि पहिला बेत केला तो भद्रा मारुतीचा. श्रावणातल्या शनिवारी आमच्या छत्रपती संभाजीनगरातून माणसे रात्रभर चालत खुलताबादला जातात. तिशीत निघायचे म्हटले की नेमकी अडचण यायची. आता अडचण नव्हती. पण दौलताबादच्या घाटात गुडघ्यांनी आपले मत स्पष्ट कळवले.

गुडघ्यांचे एक बरे असते, ते बोलतात. जिना चढताना कुरकुरतात, मांडी मोडून उठताना ओरडतात. मग पंगतीत आपल्यासाठी खुर्ची येते आणि मंगळागौरीला पोरी झिम्मा खेळतात तेव्हा आपण भिंतीशी बसून टाळ्या देतो. हाडे मात्र बोलत नाहीत. जुन्या वाड्याच्या तुळईला आतून वाळवी लागावी आणि वरचा रंग शाबूत राहावा, तसे त्यांचे असते.

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी जन्मात कधी 'दुखते' म्हटले नाही. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येण्याची चैन वर्षानुवर्षे ठाऊक नाही. पाण्याच्या दिवशी पहाटे उठून पिंपे भरायची ती घरातल्या बाईनेच. अशाच एका पहाटे ओल्या फरशीवर त्या हातावर पडल्या. उंचावरून नव्हे, उभ्या होत्या तिथेच. मनगट मोडले. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि विचारले, "मावशी, पाळी जाऊन किती वर्षे झाली?" जाऊबाईंनी पदर सावरून मुलाकडे पाहिले, मुलगा भिंतीवरचे कॅलेंडर वाचू लागला. हाताचा आणि पाळीचा संबंध काय, असा भाव दोघांच्याही तोंडावर. शेवटी मीच म्हणाले, "अकरा."

संबंध होता. पाळीचे चक्र चालवणारा इस्ट्रोजेन नावाचा जो रस, तोच हाडांची राखण करतो. हाड म्हणजे दगड नव्हे; तिथे जुने पाडणारे आणि नवे बांधणारे गवंडी सतत कामावर असतात. पाळी गेली की राखणदार जातो आणि पाडणाऱ्यांचे फावते. पहिल्या पाचसात वर्षांत तर फारच. बोस्टनच्या फुलर अल्ब्राइट या डॉक्टरांनी 1941 साली हे मांडले होते. म्हणजे आमचा देव मोकळा करणारी आणि हाडे ठिसूळ करणारी गोष्ट एकच! गुडघ्यांचा हिशेब जरा निराळा. तिथे कूर्चा झिजते, आणि वाढलेले वजन, मांडीचे दुबळे स्नायू, जुनी दुखापत हेही आपापला वाटा उचलतात.

गुडघ्याचा फोटो काढायला मुले आईला हौसेने नेतात. 2017 साली सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीला लगाम घातला, तेव्हापासून 'बदलून टाकू' हे शब्दही सहज तोंडी येतात. हाडांचा आकडा मात्र कोणी विचारत नाही. डेक्साची तपासणी म्हणजे पाचदहा मिनिटे टेबलावर निजायचे; सुई नाही, कळ नाही. आकडा उणे अडीच किंवा त्याहून खाली आला तर हाडे ठिसूळ, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने 1994 साली आखली. जाऊबाई रेघेच्या बऱ्याच खाली होत्या.

"घरात दूध कोण पिते?" डॉक्टरांनी विचारले.

"हे पितात, नातवंडे पितात."

"आणि तुम्ही?"

"चहात असते की!"

आमची सारी भिस्त ज्वारीवर. तिच्यात शंभर ग्रॅमला कॅल्शियम जेमतेम तीसेक मिलिग्रॅम, नाचणीत तीनशेच्या वर. पण नाचणी कोकणातली म्हणून आमच्या चुलीला परकी.

आता जाऊबाईंना आठवड्याची गोळी आहे. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही आणि चहासुद्धा नाही. मारुतीचा म्हणून त्यांनी शनिवार धरला आहे. तो अर्धा तास त्या ओसरीवर ताठ बसून असतात, आणि घरादाराचा चहा थोरले भावजी करतात. साखर फार पडते.