पाळकीणबाईंचं देणं

देवावरचा विश्वास मला आईवडिलांनी दिला. त्या विश्वासात बाईमाणसाला ताठ मानेने उभं राहता येतं, हे मात्र दाखवलं आमच्या पाळकीणबाईंनी.

नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. मिशनच्या काळातलं दगडी चर्च, त्याला लागून पाळकसाहेबांचं घर. आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना रोज व्हायची, पण तोंड उघडायचे फक्त पप्पा. आई शेवटी ‘आमेन’ म्हणायची. पप्पा मायाळू होते. कुटुंबाचं मस्तक पुरुष, यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. पाळकीणबाईंच्या घरी प्रार्थनेची पाळी असायची. आज साहेब, उद्या बाई, परवा त्यांची दहा वर्षांची लेक. ती पोर हरवलेल्या कंपासपेटीसाठीही प्रार्थना करायची आणि सगळे मनापासून ‘आमेन’ म्हणायचे.

प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी मी एकदा तिथेच होते. साहेब लेकीला म्हणाले, “परवा तुझ्यावर उगाच ओरडलो. मला क्षमा कर.” ती म्हणाली, “केली,” आणि पुन्हा गृहपाठात डोकं घातलं. बाप लेकीपुढे नमतो आणि तरी त्याचं बापपण तसूभर कमी होत नाही, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

मग 1992 च्या उन्हाळ्यात मावशी सासर सोडून आमच्याकडे आली. दंडावर काळेनिळे वळ. पप्पांनी चार दिवस ठेवून घेतली, पाचव्या दिवशी परत पाठवायची भाषा सुरू झाली. बाई आल्या आणि मावशीची ट्रंक स्वतः उचलून तिला आपल्या घरी घेऊन गेल्या.

त्या वेळी आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू होता 1869 चा घटस्फोट कायदा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. नुसत्या मारहाणीवर विभक्त राहण्याचा हुकूम मिळे, लग्न काही सुटत नसे. सव्वाशे वर्षं हे असंच चाललं होतं, आणि आमच्या चर्चच्या वेदीवरून त्याविरुद्ध मी तरी कधी अवाक्षर ऐकलं नव्हतं. याचा राग मला आजही येतो.

मंडळीतले वडीलधारे समजूत घालायला आले. बाईंनी चहा दिला आणि इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढून पवित्र शास्त्र त्यांच्यातल्या सर्वांत थोरल्यापुढे ठेवलं. त्यांनी सवयीने बाविसाव्या वचनाला, बायकांना सांगितलेल्या अधीनतेला, सुरुवात केली. बाई म्हणाल्या, “एकविसापासून वाचा, दादा. तिथे एकमेकांच्या अधीन व्हायला सांगितलंय. आणि पंचविसावंही सोडू नका. ख्रिस्ताने मंडळीला मार दिला नाही, तिच्यासाठी मार खाल्ला.” कोणी काही बोललं नाही. मावशी बाईंकडेच राहिली. त्यांच्याच खटपटीने तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला.

मी नववीत असताना बाईंनी मला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचायला दिली. “नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ही लगेच झाली नाही बरं का,” त्या म्हणाल्या. “टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. हिने वर्षानुवर्षं घेतली, स्वतःच्या मनाला पटल्यावरच पुढे आली. देवाला उसनं हो चालत नाही.” माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं तेव्हा हेच आठवून मी एका चांगल्या स्थळाला नाही म्हणू शकले, आणि पप्पांनी ते ऐकलं. पप्पांमधला हा बदलही मी बाईंच्याच खात्यावर मांडते.

1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने ख्रिस्ती स्त्रीला केवळ छळाच्या किंवा परित्यागाच्या कारणावरही घटस्फोटाची वाट मोकळी केली. 2001 मध्ये संसदेने कायदाच बदलला. मावशी तोवर सिस्टर म्हणून कामाला लागली होती. तिने पुढे पुन्हा लग्न केलं. त्या उपासनेत कोणतं वचन कुठून वाचायचं, हे तिने पत्रिका छापण्याआधीच पाळकांना लिहून दिलं होतं, आणि वाचायला उभं केलं पाळकीणबाईंना.