आमच्या दारातील दोन गाड्या

निपाणीच्या आमच्या घरापुढे दोन गाड्या उभ्या असतात. एक आजोबांची प्रीमियर पद्मिनी, १९७६ सालची. दुसरी बाबांची स्विफ्ट, २०२४ सालची. येणारा प्रत्येक पाहुणा पहिलीस कौतुकाने 'व्हिंटेज' म्हणतो. वास्तविक ही संज्ञा १९१९ ते १९३० या काळातील मोटारींस लावतात. परंतु आजोबांपाशी तसे बोलण्याचे धाडस आम्ही अद्याप केलेले नाही.

पद्मिनीची कुळकथा आम्हांस मुखोद्गत आहे, कारण दर रविवारी गाडी पुसताना ती ऐकावी लागते. मूळ आकृती इटलीच्या फियाट कंपनीची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी स्थापिली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनू लागल्या. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर गाडी मिळे. तंबाखूच्या वखारीतून आजोबांनी ती घरी आणली, तेव्हा गल्लीने तिला ओवाळले होते म्हणे!

आकडे मात्र आजोबांच्या बाजूचे नाहीत. पद्मिनीचे इंजिन १०८९ घन सेंटीमीटरचे, स्विफ्टचे ११९७; म्हणजे पोट जवळजवळ तेवढेच. पण पहिलीची शक्ती चाळीस अश्वांच्या आसपास, तर दुसरीची ऐंशीच्या. आणि तीही चारऐवजी तीनच सिलिंडरांतून! नवीत अपघातसमयी फुगणाऱ्या सहा हवेच्या पिशव्या आहेत, जुनीत देवाची तसबीर. "माझी गाडी कानाला सांगते, तुमची दिवे लावून दाखवते," एवढेच आजोबांचे उत्तर.

२०२५ च्या श्रावणातील एका रात्री आजीस एकाएकी श्वास घेता येईना. तिचे नेहमीचे डॉक्टर बेळगावी, सुमारे पंचाहत्तर किलोमीटरांवर. बाहेर मुसळधार पाऊस, आणि निपाणी सोडताच तवंदीचा घाट. बाबांनी क्षणभर दोन्ही किल्ल्यांकडे पाहिले. स्विफ्टची किल्ली उचलून आजोबांनीच त्यांच्या हाती ठेवली. "माझी घाटात दम घेत चढते रे. आज तेवढा वेळ नाही."

मागे आजी आईच्या मांडीवर टेकली, तिच्या पायांशी आम्ही. पुढे बाबांशेजारी गल्लीतील डॉक्टरकाका. आजोबांस जागाच उरली नाही. पद्मिनीत गिअरचा दांडा सुकाणूपाशी असल्याने पुढची बैठक सलग आहे. तीत तिघे सहज बसतात. हे त्या क्षणी आमच्या मनात आले, त्यांच्याही आले असावे. ते काही बोलले नाहीत. छत्री धरून पावसात उभे राहिले.

घाट कधी चढला ते कळलेही नाही. योग्य वेळी उपचार झाले आणि उत्तररात्री आजीचा श्वास सुरळीत झाला. बाबांनी तत्काळ घरी दूरध्वनी करून तसे कळविले. आईस आजीपाशी ठेवून आम्ही परतलो, तेव्हा उजाडत होते.

पद्मिनी नेहमीच्या जागी नव्हती. रस्त्यावर, बेळगावच्या दिशेस तोंड करून ती उभी होती. आत आजोबा सुकाणूवर डोके टेकून झोपले होते. मागच्या बैठकीवर पाण्याचा डबा आणि आजीची शाल. आम्ही हलकेच बॉनेटवर हात ठेवला. ते अजून कोमट होते.