लिंबायतची मुले आणि तापीचे पाणी

उधना स्थानकावर उतरून लिंबायतमध्ये शिरताच अहिराणी कानी पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडील कुटुंबे यंत्रमागांच्या आधाराने येथे स्थिरावली. त्यांची मुले मराठी शाळांतही शिकतात. या मुलांना पाठाऐवजी प्रश्न देऊन शिकविता येईल काय, हा विचार मनात घेऊन आम्ही येथील गल्ल्यांतून हिंडलो.

विषय दूर शोधावा लागत नाही. ‘नळाचे पाणी कोठून येते?’ हा एकच प्रश्न महिनाभर पुरेल. पाणी तापीचे; आणि तापी मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटरांच्या वाटेत खानदेश ओलांडते. म्हणजे आजोबांच्या मुलखातून नदी आली आणि जळगाव-उधना लोहमार्गाने आजोबाही आले! नकाशा, अंतर, स्थलांतर सारे येथे एकत्र येते.

पुढचा प्रश्न अवघड. हेच पाणी घरात शिरते तेव्हा? ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला; लिंबायतला मिठी खाडीचा पूरही ठाऊक आहे. मुलांनी वडीलधाऱ्यांना विचारावे, पाण्याची उंची मोजावी, धरणातून पाणी का सोडावे लागते ते ताडून पाहावे. शिक्षकांनी उत्तराची घाई करू नये. मात्र पुरावे कोठे मिळतील, हे आधी योजून ठेवावे.

भावनगरला गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी बालकाच्या कुतूहलाला असाच मान दिला होता. वाचकहो, आजीने अहिराणीत सांगितलेली पुराची आठवण वर्गात पुरावा ठरली, तर त्या मुलाला आपली घरची बोली शाळेच्या दाराबाहेर ठेवून यावे लागणार नाही.