दोन तास आठ मिनिटं

परवा संध्याकाळी अकोल्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. पाऊसपाणी, गुडघेदुखी वगैरे चौकश्या झाल्या आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. "दादा, तू त्याले समजावून सांग बा. नोकरी सोडतो म्हणते. दिवसभर धावाचंच म्हणते."

'तो' म्हणजे माझा भाचा. वय एकोणतीस, बँकेत कायमची नोकरी. चार वर्षांपूर्वी पोट सुटायला लागलं म्हणून कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पहाटे पळायला लागला. आता पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर (साधारण अकोला ते मूर्तिजापूर धरा), २ तास ५८ मिनिटांत पळतो. अकोल्यात मे महिन्यात पहाटे पाचलाही भिंतीला हात लावला तर ऊब लागते. तिथं राहून हे करणं गंमत नव्हे. पण आता त्याच्या डोक्यात ऑलिम्पिकची पात्रता वेळ बसली आहे.

रविवारी तो एसटीने अमरावतीला आला. चहा झाला. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, पण भागाकार अजून येतो. :-)

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी पुरुषांची पात्रता वेळ होती २ तास ८ मिनिटं १० सेकंद. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ३ मिनिटं २ सेकंद. चारशे मीटरच्या मैदानाची एक फेरी ७३ सेकंदांत, आणि अशा साडेएकशेपाच फेऱ्या, न थांबता. भाच्याला एका फेरीला १०१ सेकंद लागतात. पात्र ठरणारा धावपटू शेवटची रेघ ओलांडतो, तेव्हा आमचे चिरंजीव तिसाव्या किलोमीटरच्या जरा पुढे असतील. बारा किलोमीटर अजून शिल्लक!

आणि ही रेघही जागेवर राहत नाही. २०१६ च्या रिओसाठी तीच वेळ २:१९ होती, टोकियोसाठी २:११:३० झाली, पॅरिसला २:०८:१०. जागतिक क्रमवारीतून जायची दुसरी वाट आहे, पण त्या वाटेवरही असेच वारे प्यायलेले लोक उभे असतात. आपल्या शिवनाथ सिंग यांनी १९७८ साली जालंधरला २:१२:०० वेळ दिली, आणि तो राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला. पॅरिसच्या मोजपट्टीवर तोही अपुराच पडला असता.

"पण मामा, तो जपानी कारकून?" भाच्याने हुकमाचं पान काढलं. बरोबर आहे. युकी कावाउची हा सायतामा प्रांतातल्या एका शाळेच्या कचेरीत पूर्णवेळ नोकरी करत होता, आणि नोकरी सांभाळून २०१३ साली सेऊलला २:०८:१४ धावला. २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन जिंकला तेव्हाही नोकरीत होता. पण तो पंचविशीत पोट कमी करायला पळायला लागलेला नव्हता. लहानपणापासून पळत आलेला, कॉलेजच्या संघातून तयार झालेला होता. आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतचंही तसंच. तिनं २०१६ साली गुवाहाटीला २:३८:३८ वेळ देऊन रिओची पात्रता गाठली (बायकांसाठी ती २:४५ होती), त्यामागे शाळकरी वयापासूनची मेहनत होती. आणि रिओच्या उन्हात तिलाही २:५९ लागलेच की.

भाचा गप्प झाला. मग मी त्याला बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांची गोष्ट सांगितली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी खेड्यातली मुलं पाहिली, आणि त्यातून १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकला आपला संघ गेला. बराचसा खर्च टाटांनी स्वतः केला. तिथं मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोचले. एकोणिसावे आले.

भाच्याने पेन्सिल माझ्या हातातून घेतली. स्वतःच हिशेब केला. "म्हणजे मी त्यांच्यामागं दहाच मिनिटं असतो?"

"हो. फक्त शंभर वर्षं उशीर झाला तुले."

दोघंही हसलो. पण मला आतून हसू येत नव्हतं. त्याचं कारण सांगतो.

पस्तीसेक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. अनवाणी पळायचा आणि तालुक्यात कुणाला पुढे जाऊ द्यायचा नाही. दहावीच्या वर्षी मी त्याला म्हणालो, "पळून पोट भरते का रे? अभ्यास कर." त्यानं ऐकलं. मास्तरांचं ऐकायचे तेव्हा. गेल्या वर्षी राजकमल चौकात भेटला. बियाण्यांचं दुकान आहे, मुलं शिकली, चांगलं चाललं आहे. पाया पडला आणि निघताना सहज म्हणाला, "सर, मी किती पळलो असतो हो?"

मला उत्तर देता आलं नाही. तो पात्र ठरला असता असं मी म्हणत नाही, बहुधा नसताच. पण 'नसता' हे त्याचं त्याला कळायला हवं होतं, माझ्या एका वाक्यावरून नव्हे.

म्हणून भाच्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, नोकरी सोडू नको. फेरीमागचे अठ्ठावीस सेकंद रिकाम्या वेळानं भरून निघत नाहीत. त्यातला बराच भाग जन्मजात शरीराचा आणि लहान वयातल्या तयारीचा असतो. दुसरं, पळणं सोडू नको. चांगला प्रशिक्षक गाठ, दोन वर्षं शिस्तीत पळ. बोस्टनची तुझ्या वयोगटाची पात्रता २०२६ च्या शर्यतीसाठी २:५५ होती, आणि गर्दीमुळे प्रत्यक्षात त्याहून काही मिनिटं आधी पोचावं लागतं. ती रेघ तुझ्या टप्प्यात आहे.

"म्हणजे ऑलिम्पिक नाहीच?"

"नाही. पण तुझी स्वतःची वेळ किती, ते अजून तुलेही माहीत नाही अन् मलेही."

तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून वडाळी तलावापर्यंत पळून आला, पोहे खाल्ले आणि दहाच्या गाडीने कामावर गेला. तो कागद मात्र घडी करून खिशात घेऊन गेला. बहिणीला फोनवर सांगितलं, नोकरी शाबूत आहे, पण पहाटेचा गजर बंद करू नकोस.

आता एक काम राहिलं आहे. त्या बियाण्यांच्या दुकानात एकदा जाऊन यावं म्हणतो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, पण तेवढं तरी तोंडावर सांगायला हवं.

असो. बघू या.