ठिबकची नळी

बीडसारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यांत ठिबकची नळी म्हणजे पाण्याची जपमाळच. आमच्या शेतांतली परवां काडीसारखी मोडली. "उन्हानं खाल्ली तिला," आबा म्हणाले. मी हंसलों. पुढें क्ष-किरणांचें शास्त्र चाळलें, तों तेंही आबांच्याच बाजूचें निघालें!

पुष्कळदां पॉलिथिनच्या दोन जाती एकत्र वितळवून ही नळी करतात. निवतांना त्यांचे सांखळीसारखे लांब रेणू कांहीं ठिकाणीं घड्या घालून स्फटिक होतात. बाकीचे गुंतलेलेच राहतात, आणि त्या गुंत्यांतच नळीचा लवचिकपणा. क्ष-किरण कसे विखुरतात यावरून स्फटिकांचा वांटा आणि त्यांच्यामधलें, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपासचें, अंतर कळतें. ऊन गुंत्यांतल्या सांखळ्या तोडतें. सुटे तुकडे स्फटिकांना जाऊन मिळतात. शिस्त वाढते, नळी ठिसूळ होते.

शिकूनसवरून मीही तसाच झालों होतों काय? त्या संध्याकाळीं आबांच्या हाताखालीं मीं नवी नळी अंथरली.